हिरडीची वसुली

डेंटल इम्प्लांटचा इतिहास कुठेही वाचायला घ्या, गोष्ट तीच. साल १९५२, गाव स्वीडनमधलं लुंड. पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचा विशीतला संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी नळकांडीवजा खिडकी बसवतो. हेतू साधा. जिवंत हाडाच्या आत रक्त कसं वाहतं ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं. बघून होतं. खिडकी महागाची, म्हणून काढून पुढच्या सशाला वापरावी म्हणतो, तर ती निघेचना. हाड धातूला घट्ट धरून बसलेलं. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. १९६५ मध्ये योस्ता लार्सन या जन्मापासून जबड्यात दोष असलेल्या चौतीस वर्षांच्या माणसाच्या खालच्या जबड्यात चार टायटॅनियमचे स्क्रू बसतात, त्यांवर दात बसतात, आणि २००६ मध्ये लार्सन वारला तोवर ते काम देत होते. टाळ्या. पडदा.

गोष्ट खरी आहे, पण ती फक्त हाडाची आहे. स्क्रू हाडात रुतला म्हणून भागत नाही, त्याचं डोकं तोंडात बाहेर यावं लागतं. ती वाट हिरडीतून. म्हणजे शरीराच्या कुंपणाला तिथे कायमचं एक भोक. त्या भोकाभोवतीची जखम कशी भरते, कशाने भरते आणि भरली म्हणजे नक्की काय होतं, याकडे सुरुवातीची वीस-पंचवीस वर्षं फार थोड्यांनी नीट पाहिलं. आज लिहायचंय ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल. जेवता जेवता वाचत असाल तर जेवून घ्या आधी. रक्त, पू आणि कुत्री, तिन्ही येणार आहेत.

हे खूळ डोक्यात शिरायला दोन कारणं झाली. एक म्हणजे गॉथेनबर्ग. एका प्रोजेक्टपायी मी तिथे आठ महिने ऑनसाइट काढलेत. (तिथली माणसं त्या गावाला 'यतेबोरी'सारखं काहीतरी म्हणतात. 'ग' दिसला की 'य' म्हणायचं हे कळेपर्यंत माझा अर्धा मुक्काम संपला होता. वरच्या लार्सनचं नावही लिहितात 'ग'ने आणि म्हणतात 'य'ने.) ट्रॅम, हेरिंग मासा आणि दुपारी साडेतीनला पडणारा अंधार एवढंच मला त्या गावाचं माहीत. ब्रोनेमार्कने लार्सनवर शस्त्रक्रिया केली ती याच गावात, आणि हिरडीची गोष्ट ज्यांनी उलगडली ती मंडळीही मुख्यतः याच गावातली.

दुसरं कारण आमचे बाबा. खालच्या दोन दाढांच्या जागी त्यांना सहा वर्षांपूर्वी इम्प्लांट बसवले. परवा दात साफ करायला म्हणून गेले, तर डॉक्टरीणबाईंनी हिरडीत बारीक सळई घातल्याबरोबर एका इम्प्लांटभोवती भळकन रक्त आलं. एक्स-रेत हाड खाली गेलेलं. बाबांचं म्हणणं सरळ होतं, "दुखत नाही, हलत नाही, मी यावर चकली खातो. मग बिघडलंय काय?" बाई म्हणाल्या, "काका, स्क्रू शाबूत आहे हो. प्रश्न हिरडीचा आहे." दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि ती दोन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे समजून घेताना माझे दोन शनिवार-रविवार गेले.

सुरुवात खऱ्या दातापासून करू.

आपलं सगळं शरीर कातडीच्या सलग पिशवीत आहे. बाहेरून कातडी, तोंडात-पोटात ओलसर अस्तर, पण आवरण सलग. त्यातून हाडासारखी कडक वस्तू आरपार बाहेर येते अशी जागा जवळजवळ एकच, दात. (नखं आणि केस त्यात धरू नका, ती कातडीच्याच वळ्या आहेत.) म्हणजे इथे निसर्गाला एक अवघड सांधा करावा लागला, आणि त्याने तो झकास केलाय. वरच्या बाजूला हिरडीच्या कडेचं अस्तर दाताला चिकटतं. त्या पेशी आपल्या बाजूने टिचबटणाचा अर्धा भाग लावतात आणि तो दातावर दाबून बसवतात. त्याखाली संयोजी ऊती. (नववीच्या पुस्तकातला शब्द, आठवला का?) इथे कोलॅजेनचे तंतू थेट मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थरात घुसतात, भिंतीत खुंट्या ठोकाव्यात तसे, आडवे. ते दाताबरोबरच वाढलेले असतात. त्याच्याही खाली, मूळ आणि हाड यांच्यामध्ये, अस्थिबंधाची पातळ गादी. तिच्यात रक्तवाहिन्या आहेत आणि मज्जातंतूही आहेत. खडा चावला की आपण कळवळतो तो या गादीमुळे.

या सांध्याचं माप १९६१ मध्ये गार्जुलो, वेन्ट्झ आणि ऑर्बन या तिघांनी घेतलं. ३० मृतदेहांचे जबडे, त्यातले २८७ दात. चिकटलेल्या अस्तराची उंची सरासरी ०.९७ मिलिमीटर, त्याखालच्या तंतूंची १.०७. बेरीज २.०४. पुढे या दोन मिलिमीटरांना 'बायोलॉजिक विड्थ' असं नाव पडलं. (मापलीय ती उंची आणि नाव रुंदीचं! प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चुकीचं व्हेरिएबल नेम दिलं आणि मग ते हजार ठिकाणी वापरात गेल्यामुळे बदलता येईना, तसला प्रकार.) महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे दोन मिलिमीटर हे शरीराचं मागणं आहे. फिलिंग किंवा क्राऊनची कड या पट्ट्यात घुसवली, तर हिरडी चिडते आणि हाड खाली सरकतं.

आता या जागी दात काढून धातू लावायचा. लोकांनी ते फार पूर्वीपासून करून पाहिलंय. १८०९ मध्ये माजोलोने सोन्याचं मूळ करून बसवलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीनफिल्डने इरिडियम-प्लॅटिनमच्या तारांची टोपली, १९४३ मध्ये स्वीडनच्याच गुस्ताव दालने हाडावर खोगिरासारखी बसणारी जाळी. १९६० च्या दशकात अमेरिकेत लिंकोच्या पात्यांचा बोलबाला झाला. यातल्या बहुतेकांची कथा सारखीच. हाड धातूला धरत नसे. मध्ये तंतूंची एक पिशवी तयार व्हायची. इम्प्लांट किंचित हलायचा, आणि वरून हिरडीचं अस्तर धातूच्या कडेकडेने खाली उतरत जायचं. अस्तराचा धर्मच तो. जखम दिसली की तिच्या काठाने सरपटत जायचं आणि परकी वस्तू असेल तर तिला पूर्ण वेढून बाहेर काढायचं. काटा शरीरातून बाहेर पडतो तो असाच. पण त्या काळी या तंतूंच्या पिशवीला काही जण चक्क कृत्रिम अस्थिबंध मानत आणि ती चांगलीच आहे असं सांगत.

१९७८ मध्ये हार्वर्डला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सहभागाने एक परिषद भरली. तिथे यशाची जी व्याख्या ठरली ती वाचून मी हसलो. इम्प्लांट कुठल्याही दिशेला एक मिलिमीटरपेक्षा कमी हलत असेल तर चालेल, आणि ७५ टक्के रुग्णांत तो पाच वर्षं टिकला की झालं यशस्वी. एक मिलिमीटर! रोज जेवताना एक मिलिमीटर हलणाऱ्या खांबाभोवती हिरडीची जखम भरणार तरी कशी? सिमेंट ओलं असताना खांब हलवत राहायचा आणि मग तडा गेला म्हणून रडायचं.

ब्रोनेमार्कने हा खांब हलायचा थांबवला, हे त्याचं खरं मोठेपण. १९८१ मध्ये त्याच्या गटाने पंधरा वर्षांचा हिशेब मांडला. ३७१ रुग्ण, ४१० जबडे, २७६८ स्क्रू. पाच ते नऊ वर्षांनंतर वरच्या जबड्यातले ८१ टक्के आणि खालच्यातले ९१ टक्के स्क्रू घट्ट. पुढच्या वर्षी टोरोंटोला जॉर्ज झार्बने भरवलेल्या परिषदेत हे आकडे अमेरिका-कॅनडाच्या मंडळींसमोर आले आणि पात्यांचा जमाना मावळू लागला.

पण गंमत बघा. हा माणूस मुळात रक्ताभिसरणाचा अभ्यासक. सशांनंतर त्याने स्वयंसेवकांच्या दंडावरच्या कातडीत टायटॅनियमच्या खिडक्या बसवून मऊ ऊतींमधलं रक्त पाहिलं होतं. तरीही त्याच्या दंतपद्धतीत हिरडीचं काम काय, तर झाकण. स्क्रू बसवायचा, वरून हिरडी शिवून टाकायची, खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्यात पाच-सहा महिने तिला हात लावायचा नाही. मग दुसरी शस्त्रक्रिया. हिरडी उघडायची आणि स्क्रूवर अबटमेंट, म्हणजे हिरडीतून बाहेर डोकावणारा जोडखांब, लावायचा. हिरडी ही हाडाची शत्रू, तिच्यातून जंतू येतात, अस्तर खाली उतरतं, म्हणून हाड पक्कं होईस्तोवर तिला दूर ठेवा, असा हा हिशेब. त्या वेळच्या अनुभवाने तो चूक म्हणता येत नाही. आधीची दीडशे वर्षं हिरडीनेच सगळ्यांना हरवलं होतं.

या हिशेबाला पहिला छेद दिला तो स्वित्झर्लंडने. बर्नच्या आंद्रे श्रोडरने वाल्डेनबुर्गच्या श्ट्राउमान संस्थेबरोबर १९७४ च्या सुमारास वेगळाच इम्प्लांट वापरात आणला. तो शिवून झाकायचा नाही. पहिल्या दिवसापासून त्याची मान हिरडीतून बाहेर. म्हणजे हाडाची आणि हिरडीची जखम एकाच वेळी भरणार. १९८१ मध्ये श्रोडरच्या गटाने जो निबंध लिहिला त्याच्या नावातच हाड, संयोजी ऊती आणि अस्तर असे तिन्ही शब्द होते. माझ्या मते इथे हिरडी पहिल्यांदा पाहुणी न राहता घरची झाली. बर्न आणि गॉथेनबर्ग यांच्यात मग बरीच वर्षं शाब्दिक चकमकी झाल्या. एक टप्पा की दोन टप्पे? कंपन्या दोन, पंथ दोन. (विंडोज-लिनक्स आठवलं ना?) शेवटी दोन्ही चालतात असं निघालं. हाड लपवून ठेवलं नाही तरी धातूला धरतं, फक्त ते हलता कामा नये.

मग मूळ प्रश्न उरला. हिरडी धातूभोवती नक्की काय बांधते?

वरच्या भागाचं उत्तर आधी मिळालं आणि ते दिलासा देणारं होतं. अस्तराच्या पेशी धातूलाही तीच अर्धी टिचबटणं लावतात, हे १९७४ मध्ये जेम्स आणि शुल्ट्झ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं, आणि १९८१ मध्ये टायटॅनियमवरही तसंच दिसलं. पेशींना दात आणि टायटॅनियम यांत फारसा फरक करता येत नाही म्हणा ना.

खालच्या भागाचं उत्तर गॉथेनबर्गमधून आलं, पण ब्रोनेमार्कच्या खोलीतून नव्हे. त्याच गावात यान लिंद यांचा हिरडीरोगांचा विभाग होता. १९९१ मध्ये टोर्ड बेर्ग्लुंद, लिंद आणि सहकाऱ्यांनी बीगल कुत्र्यांच्या तोंडात एका बाजूला खरे दात आणि दुसऱ्या बाजूला इम्प्लांट ठेवून दोन्हीकडच्या हिरडीचे पातळ काप पाहिले. वरवर दोन्ही सारखे. गुलाबी, घट्ट, दोन मिलिमीटरच्या आसपास अस्तर आणि त्याखाली तंतूंचा पट्टा. पण खऱ्या दातापाशी तंतू आडवे घुसलेले, आणि इम्प्लांटपाशी ते उभे. हाडाच्या कडेपासून निघून धातूला समांतर वर गेलेले. घुसणार कुठे? सिमेंटमच नाही. दाताभोवतीच्या या भागात कोलॅजेन सुमारे ६० टक्के, इम्प्लांटभोवती ८५. तंतू विणणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी दातापाशी ५ ते १५ टक्के, इम्प्लांटपाशी १ ते ३. तीन वर्षांनी त्याच गटाने रक्तवाहिन्या रंगवून पाहिल्या. दाताच्या हिरडीला अस्थिबंधाच्या गादीतूनही रक्त मिळतं. इम्प्लांटला गादीच नसल्यामुळे तो पुरवठा बंद, आणि धातूला लागून असलेल्या पट्ट्यात तर रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीतच.

तंतू भरपूर, पेशी कमी, रक्त कमी. याला आपण मराठीत काय म्हणतो? वण. इम्प्लांटभोवतीची निरोगी हिरडीसुद्धा खालच्या थरात एका वणासारखी असते. बरी झालेली जखम, पण जखमच. ती धातूला कॉलरसारखी आवळून बसते, खुंट्या ठोकून नाही.

मला यात सगळ्यात भारी वाटला तो १९९६ चा प्रयोग. बेर्ग्लुंद आणि लिंद यांनी कुत्र्यांच्या जबड्याच्या एका बाजूला हिरडी होती तशी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला ती आतून तासून पातळ केली, दोन मिलिमीटर किंवा त्याहून कमी. मग दोन्हीकडे शिवली. काही महिन्यांनी पाहतात तर दोन्हीकडे कॉलरची एकूण उंची तीन मिलिमीटरच्या वर! पातळ बाजूला ही उंची आली कुठून? वर वाढायला जागा नव्हती, म्हणून खालून. त्या बाजूचं हाड विरघळून खाली गेलं होतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत हिरडीने आपलं माप पूर्ण केलं होतं.

म्हणजे जखम भरायला हिरडीला तीन-साडेतीन मिलिमीटर लागतात. ते दिले तर ठीक. नाही दिले तर ती हाडाकडून वसूल करते. जंतू नको, रोग नको, घाण नको. नुसती जखम भरताना ही वसुली होते.

यामुळे जुनं एक कोडं नव्या उजेडात आलं. १९८६ मध्ये आल्ब्रेक्टसन, झार्ब, वर्दिंग्टन आणि एरिकसन यांनी यशाचे नवे निकष मांडले, १९७८ पेक्षा कितीतरी कडक. इम्प्लांट अजिबात हलता कामा नये आणि हाडाचं नुकसान पहिल्या वर्षानंतर दर वर्षी ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हवं. 'पहिल्या वर्षानंतर' हे शब्द बघा. पहिल्या वर्षी एक-दीड मिलिमीटर हाड जातंच, ते धरायचं नाही, असा सगळ्यांचा समज होता. खाली बसणारा पाया म्हणा. ते हाड जातं कुठे, हे विचारणारे थोडे. त्यातला एक वाटा हिरडीच्या वसुलीचा, हे १९९६ नंतर म्हणता येऊ लागलं. एकच कारण नव्हे अर्थात. स्क्रू आणि अबटमेंट यांच्यातल्या सूक्ष्म फटीत जंतू राहतात आणि तिथे सतत थोडी सूज असते, हेही याच दशकात दिसलं. पण वसुली आहेच. २००९ मध्ये लिथुआनियातल्या विल्नियसच्या तोमास लिंकेविचियसने माणसांत मोजलं. बसवताना हिरडी दोन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल, तर पहिल्या वर्षात १.४५ मिलिमीटरपर्यंत हाड गेलं. कुत्र्यांनी सांगितलेलं माणसांनी मान्य केलं.

एक गोष्ट तर निव्वळ अपघाताने कळली. १९९१ मध्ये एका अमेरिकन कंपनीने पाच आणि सहा मिलिमीटर रुंदीचे इम्प्लांट बाजारात आणले, पण त्यांना जुळणारे अबटमेंट तयारच नव्हते. रिलीज झालं, पण अर्धं मॉड्यूल मागे राहिलं. (आमच्या धंद्यात हे दर तिमाहीला होतं.) डॉक्टरांनी मग ४.१ मिलिमीटरचे जुने अबटमेंटच त्या रुंद डोक्यांवर लावले. भोवती एक पायरी उरली. काही वर्षांनी एक्स-रे पाहतात तर या इम्प्लांटांभोवती हाड नेहमीपेक्षा कमी उतरलेलं! २००६ मध्ये लाझारा आणि पोर्टर यांनी हे लिहून काढलं आणि 'प्लॅटफॉर्म स्विचिंग' असं बारसं केलं. हिरडीला आपलं माप उभं पाहिजे असतं, पण पायरी दिली तर त्यातलं थोडं ती आडवंही घेते, आणि शिवाय जंतूंची ती फट हाडापासून दूर जाते. आज बऱ्याच कंपन्या ही पायरी मुद्दाम देतात.

अजून एक प्रयोग सांगतो, कारण तो नेहमीच्या दवाखान्यातल्या एका सवयीवर बोट ठेवतो. माप घ्यायला, रंग जुळवायला, ट्रायल बघायला अबटमेंट पुन्हा पुन्हा काढतात आणि लावतात. इंगेमार आब्राहमसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कुत्र्यांत एका बाजूचं अबटमेंट पाच वेळा काढून, पुसून परत लावलं. प्रत्येक वेळी ती नाजूक कॉलर फाटली, प्रत्येक वेळी नवी जखम, आणि हिरडी प्रत्येक वेळी आणखी खाली सरकून जुळली. शेवटी त्या बाजूचं हाड जास्त गेलेलं. खुंट्या ठोकलेल्या नाहीत ना, चिकटलेलं आहे नुसतं. पुढच्या वर्षी त्यांनीच अबटमेंटचा धातू बदलून पाहिला. टायटॅनियम आणि सिरॅमिकला कॉलर नीट बसली, सोन्याच्या मिश्रधातूला बसेना. गॉथेनबर्गची ही मंडळी अशी एकेक स्क्रू उघडून बघत गेली. किती बीगल कामी आले असतील याचा विचार मी वाचताना टाळला, पण लिहिताना टळत नाही.

भरण्याचं वेळापत्रक २००७ मध्ये आलं. बेर्ग्लुंद आणि सहकाऱ्यांनी २० कुत्र्यांत १६० इम्प्लांट बसवून दोन तासांपासून बारा आठवड्यांपर्यंत ठराविक टप्प्यांवर काप पाहिले. आधी धातू आणि हिरडी यांच्यामध्ये रक्ताची गुठळी. मग पांढऱ्या पेशींची फौज येऊन ती गुठळी पोखरते. एक-दोन आठवड्यांत अस्तर सरकू लागतं. दुसऱ्या आठवड्यात फायब्रोब्लास्टची गर्दी होते आणि चौथ्यापर्यंत ती ओसरते. चार ते सहा आठवड्यांत तंतू रांगेत लागतात, सहा ते आठ आठवड्यांत अस्तर पक्कं. २०१४ मध्ये टोमासी आणि सहकाऱ्यांनी राजी झालेल्या २१ रुग्णांच्या हिरडीचे नमुने घेतले. माणसांतही कॉलर पुरी व्हायला आठ आठवडे लागले. डॉक्टर 'दोन महिन्यांनी या' म्हणतात त्यामागे हे आहे.

आता बाबांच्या चकलीकडे. दुखत का नाही? कारण दुखवणारी गादीच नाही. हलत का नाही? कारण खालचं दोन-तृतीयांश हाड अजून धरून आहे, आणि हाड शेवटच्या मिलिमीटरपर्यंत इमाने इतबारे धरतं. इम्प्लांट हलू लागला की समजायचं खेळ संपला. मधल्या काळात जे चाललंय ते फक्त हिरडी सांगते, रक्त काढून.

आणि ते वेगाने का चालतं याचंही उत्तर त्या उभ्या तंतूंत आहे. जंतूंचा थर साचला की हिरडी सुजते हे १९६५ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हूसमध्ये हाराल्ड ल्यो यांनी १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगून सिद्ध केलं होतं. (बहुतेक त्यांचेच विद्यार्थी. विद्यार्थ्यांना कोण विचारतो!) १९९४ मध्ये पोंतोरिएरो वगैरेंनी तोच तीन आठवड्यांचा प्रयोग इम्प्लांट असलेल्यांवर केला. सूज इम्प्लांटभोवतीही तशीच येते. फरक पुढे पडतो. १९९२ मध्ये लिंद यांच्या गटाने कुत्र्यांत दोन्हीकडे मुद्दाम रोग वाढवला. दातापाशी सूज एका हद्दीत राहिली, तिच्यात आणि हाडात निरोगी तंतूंचा एक पट्टा शिल्लक होता. इम्प्लांटपाशी तो पट्टा नाही. सूज थेट हाडात. आडव्या खुंट्या म्हणजे बंधारा होता, उभे तंतू म्हणजे पाणी उतरायला पन्हाळ.

त्या पन्हाळीतून नुसते जंतूच जातात असं नाही. क्राऊन बसवताना वापरलेलं सिमेंटही जातं. खऱ्या दातापाशी तंतूंचा बंधारा ते अडवतो, इम्प्लांटपाशी ते दाबाने खाली घुसतं आणि डॉक्टरला दिसत नाही. २००९ मध्ये थॉमस विल्सन याने ३९ रुग्णांत बारीक एंडोस्कोप घालून पाहिलं. आजाराची लक्षणं असलेल्या इम्प्लांटांपैकी ८१ टक्के ठिकाणी जास्तीचं सिमेंट सापडलं, आणि ते काढल्यावर त्यातल्या ७४ टक्के ठिकाणी लक्षणं गेली. बाबांचा क्राऊन स्क्रूने नाही, सिमेंटने बसवलेला आहे. बाईंनी तो काढला, तर एका कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळट खडा. सहा वर्षं तिथे बसलेला. बाबा तो कागदात गुंडाळून घरी घेऊन आलेत, ज्याने बसवला त्याला दाखवायला. तो दवाखाना केव्हाच दुसऱ्याच्या हातात गेलाय, ही गोष्ट वेगळी.

२०१७ च्या नोव्हेंबरात शिकागोला जगभरच्या हिरडीतज्ज्ञांची मोठी बैठक झाली आणि या सगळ्याच्या व्याख्या नव्याने लिहिल्या गेल्या. 'बायोलॉजिक विड्थ' हे चुकीचं व्हेरिएबल नेम तिथे एकदाचं बदललं. आणि इम्प्लांटभोवती सळई किती मिलिमीटर आत गेली म्हणजे निरोगी, असा एक आकडा देता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. प्रत्येकाची कॉलर वेगळी, हिरडी जाड-पातळ, स्क्रू वर-खाली बसवलेला. म्हणून तुलना स्वतःशीच. क्राऊन बसवून जखम पुरती भरली की एकदा एक्स-रे आणि एकदा सळईचं माप घेऊन नोंदवून ठेवायचं, आणि पुढचं सगळं त्याच्याशी ताडायचं. ज्यांच्याकडे ती पहिली नोंद नाही त्यांच्यासाठी बैठकीने वेगळा मार्ग दिला. सळई लावल्यावर रक्त येतंय, ती सहा मिलिमीटर किंवा जास्त आत जातेय आणि हाड तीन मिलिमीटर किंवा त्याहून खाली आहे, तर आजार धरायचा.

बाबांच्या फाइलमध्ये इम्प्लांटचं बिल आहे, वॉरंटीचं कार्ड आहे, औषधांची चिठ्ठी आहे. जखम भरल्यानंतरचा एक्स-रे नाही. त्यामुळे त्यांना हा दुसरा मार्गच लागला. सहा, रक्त, आणि साडेतीन. खडा काढला, धातू साफ केला, दोन इम्प्लांटांमध्ये फिरवायचा बारीक ब्रश दिलाय. आठ आठवड्यांनी पुन्हा सळई. या खेपेला एक्स-रेची एक प्रत मी स्वतः मागून घेतली आहे आणि तिच्यावर तारीख घातली आहे.